पवित्र सप्ताहातील उकाडा आणि घरातील लहान मुले

घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या एका आईने विचारले आहे: मुलगी साडेचार वर्षांची आहे, मुलगा आठ महिन्यांचा. गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या रविवारपर्यंतच्या तीन दिवसांत ठाण्याच्या चर्चमधील उपासना, वसईला सासरी जेवण आणि सोसायटीच्या बागेत मुलांचा अंडी शोधण्याचा खेळ असा बेत ठरला आहे. परंतु हवामान खात्याने उष्णतेचा इशारा दिला असून एरवीपेक्षा पुष्कळच अधिक उकडते आहे. बेत रद्द करावा का, सासूबाई सांगतात त्याप्रमाणे बाळाला ग्लुकोजचे पाणी पाजावे का, मुलांना उन्हाचा त्रास होत असल्यास तो वेळीच कसा ओळखावा आणि मुलीचा खेळ तरी ठेवावा की नाही, असे तिचे चार प्रश्न आहेत.

बेत रद्द करू नये. दिवस तेच ठेवावेत, प्रत्येक दिवसातल्या वेळा मात्र बदलाव्यात. वीस वर्षांहून अधिक काळ ठाण्यात लहान मुलांवर उपचार करताना मला सणाच्या सुट्टीनंतर जी मुले दवाखान्यात आलेली दिसतात, त्यांतील बहुतेकांना त्रास झालेला असतो तो मोठ्यांच्या वेळापत्रकामुळे: अकराला निघायचे ते साडेबाराला निघणे, एकचे जेवण तीनला होणे, आणि या साऱ्यात बाळाची झोप व पाणी दोन्ही राहून जाणे.

ठाण्यातला उकाडा नागपूरच्या उन्हाळ्यासारखा नसतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तेथे पारा ४३ अंशांवर गेला तरी हवा कोरडी असल्यामुळे घाम चटकन सुकतो आणि सुकताना शरीराची उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे पारा ३५ वर असतो, पण आर्द्रता साठ टक्क्यांच्या घरात असली तर सावलीतसुद्धा शरीराला ते तापमान ४५ अंशांच्या आसपास जाणवते, कारण घाम येतो खरा, पण तो सुकत नाही. अंगावरून नुसता ओघळत राहतो आणि ओघळलेला घाम शरीराला थंड करत नाही. म्हणूनच हवामान खाते किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा निकष वेगळा ठेवते: मैदानी भागात ४० अंश, तर किनाऱ्यावर ३७ अंश, आणि त्याबरोबर तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असणे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे अचानक पारा चढतो त्यामागे बहुधा एकच कारण असते. जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारा खारा वारा, जो एरवी दुपारी बाराच्या सुमारास सुरू होऊन दिवस सुसह्य करतो, तो उशिरा येतो. ठाणे समुद्रापासून आत, खाडीच्या टोकाला असल्याने कुलाब्याला जो दिलासा मिळतो तो आपल्यापर्यंत आणखी उशिरा पोहोचतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले, त्या दिवशी त्या भागातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपासच होते. त्यामुळे 'चाळीस तर झाले नाही ना' हा हिशोब ठाणे आणि नवी मुंबईसाठी उपयोगाचा नाही.

मुलांची अडचण याहून एक पायरी पुढची असते. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे बाहेरची उष्णता त्यांच्या शरीरात लवकर शिरते, मोठ्यांच्या तुलनेने त्यांना घाम कमी येतो, आणि धावताना त्यांचे शरीर किलोमागे अधिक उष्णता निर्माण करते. चार वर्षांचे मूल खेळाच्या नादात तहान सांगत नाही. आठ महिन्यांचे बाळ तर सांगूच शकत नाही, ते रडते आणि आपण त्याला भूक किंवा दात समजतो.

आता शुक्रवार. गुड फ्रायडेची मुख्य उपासना परंपरेने दुपारी तीनला असते, म्हणजे दिवसाच्या सर्वांत कठीण वेळेला, आणि त्या दिवशी चर्चमध्ये वर्षातली सर्वाधिक गर्दी असते. आत जागा न मिळालेली कुटुंबे आवारातील मांडवाखाली दीड-दोन तास उभी राहतात. या उपासनेला बाळाला नेऊ नये. आई-वडिलांपैकी एकाने जावे, दुसऱ्याने घरी थांबावे, आणि जेथे क्रूसाच्या वाटेची भक्ती (येशूच्या क्रूसापर्यंतच्या वाटचालीचे टप्पे आठवत केलेली प्रार्थना) सकाळी लवकर होते तेथे घरी थांबणाऱ्याने ती करून यावी. मुलीला न्यायचे असल्यास पंख्याखालची जागा मिळेल इतके आधी पोहोचावे आणि तिला मध्येच बाहेर आणावे लागल्यास त्यात संकोच मानू नये.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण दर वर्षी मला तीच समजूत आढळते. श्रद्धेपोटी अनेक माता स्तनपान चालू असताना गुड फ्रायडेचा उपवास पाण्याविना करतात, आणि काही घरांतून मिस्सेपूर्वी (चर्चमधील मुख्य उपासनेपूर्वी) 'प्रभूला स्वीकारायचे आहे' म्हणून लहानांनाही पाणी दिले जात नाही. कॅथलिक चर्चचा नियम असा मुळीच नाही. उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यानंतर लागू होते आणि साठाव्या वर्षाच्या प्रारंभी संपते, मांसवर्ज्याचे बंधन १४ वर्षे पूर्ण झाल्यानंतरचे आहे, आणि प्रकृतीचे कारण असलेल्यांना व गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना उपवासातून मोकळीक आहे. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर स्वीकारण्यापूर्वीचा उपवास केवळ एक तासाचा असतो आणि पाणी किंवा औषध घेतल्याने तो मोडत नाही. शंका असल्यास आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना जरूर विचारावे. ते हेच सांगतील. ज्या आईचे बाळ पूर्णपणे किंवा बव्हंशी तिच्या दुधावर आहे, तिने या तीन दिवसांत स्वतः तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक वेळी बाळाला पाजताना एक भांडे पाणी प्यावे.

आता ग्लुकोजच्या पाण्याविषयी. सासूबाईंची काळजी खरी आहे, सुचवलेला उपाय मात्र योग्य नाही. सहा महिन्यांखालील बाळाला कितीही उकडत असले तरी आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही लागत नाही, कारण त्या दुधात पाणीच सर्वाधिक असते. फक्त पाजण्याच्या वेळा वाढवाव्या लागतात. तुमचे बाळ आठ महिन्यांचे असल्याने त्याला उकळून गार केलेले पाणी वाटीचमच्याने थोडे थोडे देता येईल, पण ते दुधाच्या जागी नव्हे, दुधाखेरीज द्यावे. ग्लुकोजच्या पाण्याने पोट भरते, दूध कमी प्यायले जाते आणि घामातून गेलेले क्षार भरून येत नाहीत. मध तर एक वर्षाच्या आत कधीच देऊ नये. वरच्या दुधाची पावडर चालू असेल तर तयार बाटली पिशवीत ठेवून प्रवास करू नये. थर्मासमध्ये पाणी, कोरड्या डबीत मोजून घेतलेली पावडर असे वेगळे न्यावे, ऐन वेळी कालवावे आणि उरलेले ओतून द्यावे.

मोठ्या मुलीसाठी साधे पाणी, पातळ ताक, कोकम सरबत किंवा कैरीचे पन्हे उत्तम. तिला तासाला एकदा ग्लासभर पाणी पाजण्याचा आग्रह धरण्यापेक्षा दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट दिलेले बरे. मुले ते आनंदाने घेतात आणि उलटीही होत नाही. ओआरएस, म्हणजे पाकिटातून मिळणारे मीठ-साखरेचे द्रावण, हे रोजचे पेय नव्हे. जुलाब, उलट्या किंवा खूप घाम येऊन मूल मलूल झाले असेल तेव्हाचे ते औषध आहे, आणि औषधाइतक्याच काटेकोरपणे ते कालवले पाहिजे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले. साखर आणि मीठ यांचे प्रमाण नेमके असेल तरच आतडे दोन्ही एकदम शोषून घेते आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढले जाते, हे या द्रावणाचे सारे मर्म आहे.

प्रमाण चुकले की काय होते ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका लांब सुट्टीच्या सोमवारी दोन वर्षांचा एक मुलगा आला. जुलाब थांबले होते, पण तो एकसारखा किरकिरत होता, जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती आणि पोटावरची कातडी चिमटीत धरली की कणकेसारखी लागत होती. आजोबांनी एक लिटरचे मोठे पाकीट एका पेल्यात कालवून दिवसभर चमच्याचमच्याने पाजले होते. नातवाने एकही चमचा थुंकला नाही याचे त्यांना समाधान वाटत होते. रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीवर गेले होते आणि ते हळूहळू खाली आणायला दोन दिवस लागले. मुलगा बरा झाला. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला पाकीट हातात देऊन त्यावरचा आकडा वाचायला लावतो: मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. पूर्ण पाकीट पूर्ण पाण्यात कालवायचे, अर्धे कधीच नाही, आणि तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचे. दुकानात रंगीत डब्यांतून मिळणारी गोड पेये ओआरएस नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

वसईचा प्रवास हा या बेतातला मला सर्वांत अधिक काळजीचा भाग वाटतो. लांब सुट्टीच्या दिवशी गायमुखच्या चढावर किंवा फाउंटन हॉटेलच्या चौकात गाडी तासभर अडकून पडणे यात नवल काही नाही. म्हणून रविवारी सकाळी निघून दुपारी परतण्याऐवजी शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर वसईला जावे, रात्री तेथेच राहावे आणि रविवारी रात्री परतावे. पास्काचे जागरण, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना, नियमानेच अंधार पडल्यानंतर सुरू होते, त्यामुळे ऊन टळते; ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येत असल्याने त्या रात्री बहुधा चांदणेही असते. पण तेथे प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती असते आणि लहान मूल नेमके मोठ्यांच्या कोपराच्या उंचीवर असते, म्हणून मुलीला मधल्या वाटेच्या कडेला उभे करू नये. ती झोपाळू असेल तर जागरणाला नेण्यापेक्षा रविवारी सकाळच्या पहिल्या मिस्सेला न्यावे.

गाडी उन्हात उभी असेल तर आत बसण्यापूर्वी सर्व दारे दोन-तीन मिनिटे उघडी ठेवावीत आणि बाळाच्या सीटचे धातूचे बक्कल हाताने चाचपून पाहावे. बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते आणि काच बोटभर खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. 'केक घेऊन दोन मिनिटांत येतो' असे म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवणे, एवढी एकच चूक मी कोणत्याही सबबीवर क्षम्य मानत नाही. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून ओढणी टाकण्याची पद्धतही सोडावी. आतली हवा कोंडून भट्टी तयार होते. त्याऐवजी छत्री धरावी.

कपड्यांबद्दल थोडेसे. ईस्टरच्या फ्रॉकला आत कॅनकॅनची जाळी असते, वर साटीन असते आणि खाली लांब मोजे असतात. मागच्या वर्षी अशा पोशाखातली एक चिमुरडी तपासताना मोजे काढले तर पावले ओलीचिंब, आणि कमरेभोवती जाळीच्या शिवणीखाली घामोळ्यांचा लाल पट्टा उमटलेला होता. फ्रॉक उतरवून पंख्याखाली बसवल्यावर दहा मिनिटांत ती हसू लागली. मिस्सेपुरता नवा फ्रॉक घालावा, फोटो काढावेत आणि घरी येताच जुने सुती झबले चढवावे. घामोळ्यांवर पावडर थापू नये, ती घामाची छिद्रे आणखी बुजवते आणि बाळाच्या श्वासात जाते.

जेवणात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण, असणारच. व्हिनेगरमुळे ते दोन-तीन दिवस मुरवून, रोज उकळी काढून बाहेरच ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि जुन्या कौलारू घरांत, मातीच्या भांड्यात ते टिकतही असे. असाधारण उकाड्यात मात्र ते शीतकपाटातच मुरू द्यावे आणि लागेल तेवढेच काढून खळखळून उकळावे; चवीत काही उणे होत नाही. उकडलेली अंडी, मेयोनेजचे सॅलड आणि क्रीमचा केक हे तीन पदार्थ मला अधिक जोखमीचे वाटतात. एरवी असे पदार्थ बाहेर दोन तास चालतात, परंतु हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरावा. मार्झिपानची (सुकामेवा-साखरेच्या लगद्याची) अंडी घरी करताना कच्च्या अंड्याचा पांढरा भाग घालत असाल तर ती लहानांना देऊ नयेत. अख्खे काजू-बदाम आणि साखरेच्या कवचाच्या बारीक गोळ्या चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण त्या श्वासनलिकेत अडकतात. जेवण साडेअकराला वाढावे असे सासरी आधीच सांगून ठेवावे, आणि बारा ते चार ही वेळ मुलांच्या झोपेसाठी राखावी. वातानुकूलन यंत्र २६ अंशांवर लावून वर पंखा फिरता ठेवला तर बाळाला सर्दी होत नाही.

त्रास ओळखण्यासाठी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे लघवी. बाळाचे दिवसभरात सहा तरी डायपर ओले झाले पाहिजेत, आणि कोणत्याही मुलाला सहा ते आठ तास लघवी झाली नसेल तर डॉक्टरांना गाठावे. मूल गळून गेले, डोके दुखते म्हणू लागले, मळमळू लागले, चेहरा लालबुंद किंवा फिकट झाला, तर त्याला लगेच सावलीत आणून कपडे सैल करावेत, पाणी पाजावे आणि ओल्या फडक्याने अंग पुसून पंखा घालावा; अर्ध्या तासात ते ताजेतवाने व्हायला हवे. पण अंग भाजत असून मूल बरळू लागले, ओळख दाखवेनासे झाले, झटका आला किंवा हाका मारूनही जागे होईना, तर तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. तेव्हा तोंडात पाणी घालू नये. तापाचे औषधही देऊ नये, कारण हा ताप जंतूंचा नसल्याने पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी नळाचे पाणी अंगभर ओतून वारा घालायला सुरुवात करावी. रुग्णवाहिकेची वाट पाहत किंवा गाडी काढण्यात दहा मिनिटे गेली तर ती मेंदूची जातात. आधी अंग थंड करायचे, नेणे त्यानंतर, आणि गाडीतही ओली चादर व खिडकीचा वारा चालू ठेवायचा.

राहिला मुलीचा खेळ. सोसायटीच्या बागेतील अकराचा खेळ बंद करावा, कारण त्या वेळी घसरगुंडीचा पत्रा आणि खालची रबरी चटई दोन्ही हात भाजण्याइतकी तापलेली असतात. इतर पालक तयार असतील तर सोमवारी सकाळी सातला, मुले शाळेसाठी उठतात त्याच वेळी, बागेत खेळ घ्यावा. नसतील तर रविवारी दुपारी झोप झाल्यावर आजीच्या घरातच घ्यावा. पडदे ओढलेली ओटी, पायांना गार लागणारी फरशी आणि तांदळाच्या डब्यामागे, उशीच्या अभ्र्यात, आजोबांच्या चपलेत लपवलेली अंडी यांत साडेचार वर्षांच्या मुलीला बागेहून कमी आनंद होत नाही. लपवण्यासाठी प्लॅस्टिकची किंवा पुठ्ठ्याची अंडी घ्यावीत आणि चॉकलेट शीतकपाटातून शेवटी द्यावे. उकडून रंगवलेली खरीच हवी असतील तर लपवताना आकडा कागदावर लिहून ठेवावा आणि खेळ संपल्यावर तेवढीच परत मिळाली आहेत का ते मोजून घ्यावे, कारण सोफ्यामागे राहिलेले अंडे दुसऱ्या दिवशी नेमके रांगणाऱ्या बाळालाच सापडते.